अंगणाला वाळू किती लागेल? आधी थराची जाडी ठरवा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: अंगणात २० बाय १५ फुटांची पेव्हर ब्लॉकची बैठक करायची आहे, तिथपर्यंत ३० फूट लांबीची वळणदार फरशीची पायवाट न्यायची आहे, मुलांसाठी ८ फूट व्यासाचा वाळूचा हौद हवा आहे आणि उरलेल्या ६०० चौरस फुटांच्या हिरवळीवर वाळूचा पातळ थर द्यायचा आहे. एका कंत्राटदाराने एक ब्रास वाळू सांगितली, दुसऱ्याने अडीच ब्रास. यात चुकतंय कोण?

गुणाकारात दोघांपैकी कोणीच चुकलेलं दिसत नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, मेट्रिकमध्ये साधारण २.८३ घनमीटर. पहिल्याने पेव्हरखाली १ इंच धरला असेल तर ३०० चौरस फुटांना २५ घनफूट होतात. पायवाटेला (क्षेत्रफळ १०७.५ चौरस फूट, ते कसं आलं ते खाली दाखवलंय) दीड इंच धरून साडेतेरा, हौदात फूटभर वाळू म्हणजे ५०, हिरवळीला पाव इंच म्हणजे साडेबारा. बेरीज १०१. दुसऱ्याने पेव्हरखाली ४ इंच धरले असतील तर तिथेच १०० घनफूट झाले. पायवाटेलाही ४ इंच म्हणजे ३६, हौद ५०, हिरवळीला अर्धा इंच म्हणजे २५. हे झाले २११, आणि त्यावर २० टक्के जास्तीचे धरले की २५३. त्यांनी नेमकं काय धरलं ते त्यांनाच विचारा, पण आकडे इतके जवळ येतात की मला तरी दुसरं कारण दिसत नाही. लांबी-रुंदी दोघांची एकच होती. फरक पडला तो जाडीत.

म्हणून तुमचा खरा प्रश्न ‘किती ब्रास’ हा नाही. कुठे किती जाडीचा थर हवा, ती जाडी दाबण्याआधीची की नंतरची, आणि गाडीतून येणारी वाळू कोरडी असेल की दमट, हे तीन प्रश्न सुटले की ब्रास आपोआप निघतात. यातल्या काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत. खालची माती काळी चिकण आहे की मुरमाड, पेव्हरखाली पाया आधीच भरलेला आहे का, बैठकीवर फक्त माणसं बसणार की कधी गाडीही चढणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे पुढचे आकडे मी कसे काढले ते दाखवतो, म्हणजे तुमच्या जागेप्रमाणे ते तुम्हालाच बदलता येतील.

सूत्र सोपं आहे. चौरस फुटांना इंचांतल्या जाडीने गुणा आणि १२ ने भागा, घनफूट मिळतात. मीटरमध्ये काम करत असाल तर चौरस मीटर गुणिले सेंटिमीटर, भागिले १००, म्हणजे घनमीटर. गोलाला त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४. हौदाचा व्यास ८ म्हणजे त्रिज्या ४, क्षेत्रफळ ५० चौरस फूट. इथे त्रिज्येच्या जागी चुकून व्यास घातला तर उत्तर थेट चौपट येतं, तेवढं सांभाळा.

अडतं ते वळणाच्या पायवाटेपाशी. बरेच जण सगळ्यात रुंद जागा मोजतात, तीच रुंदी पूर्ण लांबीला लावतात आणि मोकळे होतात. त्यापेक्षा पायवाटेच्या मधोमध दोरी टाका, तिच्यावर दर ५ फुटांना खूण करा आणि प्रत्येक खुणेपाशी दोरीला काटकोनात रुंदी मोजा. समजा रुंद्या अशा आल्या: ३, साडेतीन, साडेचार, ४, ३, साडेतीन, ३. पहिली आणि शेवटची अर्धी-अर्धी धरा, म्हणजे दोन्ही मिळून ३. मधल्या पाचांची बेरीज साडेअठरा. एकूण साडेएकवीस, त्याला ५ ने गुणलं की १०७.५ चौरस फूट. सरसकट साडेचार फूट रुंदी धरली असती तर १३५ आले असते. वाफ्याचा किंवा हिरवळीचा आकार वाकडातिकडा असेल तर तिथेही हीच रीत चालते.

आता जाडीकडे येतो. पेव्हरखालच्या वाळूबद्दल माझं मत ठाम आहे: दाबून झाल्यावर ती साधारण एक इंच भरावी, फार तर दीड. ४ इंच वाळू घातल्याने काम मजबूत होत नाही, उलट कमकुवत होतं. वाळूचं काम ब्लॉकला एकसारखं बसायला जागा देण्याचं, भार पेलण्याचं नाही. जाड थरातली वाळू भाराखाली बाजूला सरकते. एका ब्लॉकखाली ती कमी होते, शेजारी वर येते, आणि पावसाळ्यानंतर ब्लॉक हिंदकळू लागतात, खुर्चीचा एक पाय खोलगटात जातो. भार पेलतो तो खालचा खडी-मुरमाचा दाबलेला पाया. नुसती चालण्या-बसण्याची जागा असेल तर साधारण ४ इंच पाया, गाडी येणार असेल तर ८ इंच किंवा जास्त, आणि खाली चिकणमाती असेल तर आणखी थोडा. दुसऱ्या कंत्राटदाराच्या डोक्यात ४ इंच आले ते बहुधा पाया आणि वाळू एकत्र धरल्यामुळे. तसं असेल तर त्याला सरळ विचारा की पाया वेगळा धरलाय की नाही. वेगळा धरला नसेल तर हा फक्त जास्तीच्या वाळूचा प्रश्न राहत नाही, कामच खचणार.

पायाची पातळी नीट नसली की वाळू तिथेच जिरते. ३०० चौरस फुटांवर अर्धा इंच म्हणजे साडेबारा घनफूट, तुमच्या त्या थराच्या वाळूच्या निम्मी. म्हणून वाळू मागवण्याआधी पाया भरून, पाणी मारून, धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने (थरथरत्या पत्र्याने दाबणारं यंत्र) दाबून घ्या. मग चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकून लेव्हलच्या नळीने पातळी घ्या. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग जिथे यायचा त्या पातळीला दोऱ्या ताणा आणि दर ४-५ फुटांना दोरीपासून खाली टेपने मापं घेऊन कागदावर चौकटीत मांडा. पाणी वाहून जायला दिलेला उतार दोऱ्यांनाही द्यायला विसरू नका. मापांची सरासरी काढा, त्यातून ब्लॉकची जाडी वजा करा, उरते ती तुमची खरी वाळूची जाडी. मापांत पाऊण इंचाहून जास्त चढउतार दिसला तर पाया दुरुस्त करा. खळगा वाळूने भरून काढायचा नाही.

पायवाटेच्या फरशा एकसारख्या जाडीच्या असतील तर तिथेही एक इंच पुरतो. ओबडधोबड असतील तर दीड इंच धरा, कारण पातळ फरशीखाली जास्त आणि जाड फरशीखाली कमी वाळू जाते. मी वर दीड इंचच धरलाय.

हिरवळीबद्दल तुम्ही ‘थर’ म्हणालात, पण तो थर कसला ते बघायला हवं. वाढलेल्या हिरवळीवर पातळी काढण्यासाठी वाळू पसरायची असेल तर एका वेळी पाव इंच पुरे. गवताची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. खळगा खोल असेल तर गवत वर येऊ द्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाव इंच द्या. एकदम अर्धा-पाऊण इंच टाकलं की गवत गुदमरतं आणि पिवळं पडतं. मात्र माती चिकण आहे म्हणून ती ‘सुधारायला’ वाळू मिसळायचा विचार असेल तर थांबा. थोडी वाळू चिकणमातीत मिसळली की मिश्रण सुकल्यावर विटेसारखं घट्ट होतं, कारण वाळूच्या कणांमधल्या फटी मातीने भरून निघतात. खरा फरक पडायला मातीच्या जवळजवळ निम्मी वाळू लागते. ६०० चौरस फुटांत ६ इंच खोल मिसळायचं तर माती ३०० घनफूट, म्हणजे वाळू दीड ब्रास, तुमच्या बाकीच्या सगळ्या कामाहून जास्त. त्याऐवजी कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घाला. चिकणमातीला त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

आता दमट वाळूची गोष्ट. अंदाज इथे सगळ्यात जास्त फसतात. वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असला की तो कणांना एकमेकांपासून दूर धरतो, त्यामुळे ढीग फुगलेला दिसतो. वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास पाणी असताना ही फूग जोरात असते. साध्या वाळूत २० ते ३० टक्के, बारीक वाळूत त्याहूनही जास्त. पाणी आणखी वाढलं की पापुद्रे एकमेकांत मिसळतात, कण खाली बसतात आणि वाळू पुन्हा कोरड्या मापावर येते. म्हणजे पूर्ण कोरडी वाळू आणि पूर्ण भिजलेली वाळू जवळपास सारखी जागा घेते, मधली दमट वाळू जास्त घेते. तुम्ही १०० घनफूट दमट वाळू मोजून घेतली आणि तिची फूग २५ टक्के असली, तर हातात खरी ८० घनफूटच येते.

ही फूग घरच्या घरी मोजता येते. सरळ बाजूंचा काचेचा ग्लास किंवा बरणी घ्या. ढिगाच्या पोटातली वाळू तिच्यात न दाबता, न हलवता भरा, वर पट्टी फिरवून सपाट करा आणि उंची मोजा. समजा १२ सेंटिमीटर. वाळू कागदावर काढून ठेवा, बरणी अर्धी पाण्याने भरा, वाळू थोडी थोडी करून परत टाका आणि काठीने ढवळत रहा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात. बसू द्या आणि पुन्हा मोजा. १० सेंटिमीटर आली तर फूग २ भागिले १०, म्हणजे २० टक्के. वाळू ढिगाच्या वरच्या थरातून घेऊ नका, तो उन्हाने सुकलेला असतो.

याच बरणीत गाळही दिसतो. पाणी ढवळून दोन-तीन तास तशीच राहू द्या, चिमूटभर मीठ टाकलं तर गाळ लवकर बसतो. वाळूच्या वर मातकट थर जमेल. तो वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त असला तर ती गाडी मी परत पाठवतो. गाळाच्या वाळूत पाणी अडून राहतं आणि ब्लॉकखाली चिखल होतो. शिवाय तुम्ही वाळू समजून माती मोजून घेतलेली असते.

आता दाबण्याचा आणि फुगीचा हिशोब. दोन्हींसाठी वेगवेगळे टक्के लावून दुप्पट भर घालू नका. दमट सैल वाळू दाबली की फूग आणि सैलपणा दोन्ही एकदमच जातात. एक इंच दाबलेला थर हवा तर सैल वाळू सव्वा इंच पसरा. त्यासाठी बाहेरून सव्वा इंच व्यासाचे दोन सरळ पाइप पायावर ठेवा, मध्ये वाळू टाका आणि पाइपांवरून सरळ पट्टी ओढा. मग पाइप उचला आणि त्यांच्या खाचा हाताने भरा. पट्टी ओढल्यावर त्या वाळूवर पाय ठेवायचा नाही. या रीतीने वाळूही नेमकी तितकीच लागते.

तर फूग साधारण २५ टक्के धरून तुमच्या कामाचे माझे आकडे असे. बैठकीला २५ चे ३१ घनफूट. पायवाटेला साडेतेराचे १७. हौदाच्या ५० घनफुटांना दमट वाळू ६२ मागवावी लागेल, कारण पाऊस पडला किंवा मुलांनी पाणी ओतलं की फूग उतरते आणि हौद रिकामा दिसू लागतो. हिरवळीला १५. बेरीज १२५, आणि उचलताना, पसरताना, जमिनीत मिसळून वाया जाणारी ५ टक्के धरली तर साधारण १३१ घनफूट. म्हणजे सव्वा ब्रासच्या किंचित वर. फूग तुमच्या बरणीत ३० टक्के निघाली तर हा आकडा १४० च्या आत राहील. वाळू कोरडी मिळाली तर ११५-१२० मध्ये काम होईल. अडीच ब्रास कुठल्याच हिशोबाने लागत नाही.

पण ही १३१ घनफूट वाळू एका ढिगाची नाही, आणि दोन्ही कंत्राटदारांनी हे सांगितलं नसेल तर ते मला खटकतं. पेव्हर आणि पायवाटेखाली जाडसर, टोकदार कणांची धुतलेली वाळू हवी, अंदाजे ५० घनफूट. क्रश सँड (क्रशरमध्ये दगड फोडून केलेली वाळू) चालते, पण पूड धुऊन काढलेली. दगडाची भुकटी तिथे नको, ती पाणी धरून ठेवते. हौदात याच्या उलट, गोलसर कणांची, स्वच्छ धुतलेली वाळू हवी, ६५ घनफूट. क्रशरची पूड असलेली वाळू मुलांच्या हौदात अजिबात घालू नका. तिची बारीक सिलिका धूळ श्वासात जाते आणि ती फुप्फुसांना वाईट. हिरवळीला चाळलेली बारीक वाळू, १६ घनफूट, आणि ती वाळवूनच पसरायची. दमट असली तर गवतात गोळे होतात. समुद्राची खारी वाळू यातल्या कशालाच नको. मिठाने गवत जळतं आणि ब्लॉकवर पांढरे डाग येतात.

हौदाच्या तळाला पाणी जिरायला खडीचा थर आणि त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) टाका, नाहीतर खालची माती वर येऊन वाळूत मिसळते आणि वाळू दोन वर्षांत बदलावी लागते. फूटभर वाळूच्या वर काठ तीन-चार इंच मोकळा ठेवा. वरून झाकण हवंच, मांजरांनी घाण करू नये म्हणून.

वाळू मोजून घेताना वजनाचा पर्याय मिळत असेल तर दमट वाळूला तो बरा. एक घनफूट सैल कोरडी वाळू साधारण ४० ते ४५ किलो भरते, म्हणजे एक ब्रास चार ते साडेचार टन. वजनाने घेतलेल्या दमट वाळूत पाणी असतं ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे टनामागे ५० किलो. मापाने घेतली तर तोच दमटपणा तुमचे २०-२५ टक्के खातो. मापानेच घ्यायची असेल तर गाडी रिकामी होण्याआधी मोजा. आतली लांबी-रुंदी घ्या आणि लोखंडी सळई चार कोपऱ्यांत व मध्यभागी तळापर्यंत खुपसून खोलीची सरासरी काढा. मधला उंचवटा बघून खोली धरू नका, कोपरे जवळजवळ नेहमी खाली असतात.

वाळू आधीच ओतली गेली असेल तरी मोजता येते. मोकळ्या जागेत ओतलेला ढीग शंकूसारखा बसतो. त्याचा पायथ्याचा घेर टेपने मोजा आणि एक काठी ढिगाशेजारी उभी धरून, शेंड्यावरून आडवी पट्टी लावून उंची घ्या. घेर गुणिले घेर गुणिले उंची, भागिले ३८. घेर ३१ फूट, उंची ३ फूट असेल तर ७६ घनफूट. म्हणजे एक ब्रास म्हणून आलेली गाडी पाऊण ब्रासची निघाली. ढीग दमट असेल तर त्यातूनही फूग वजा करायची.

ढीग सरळ जमिनीवर ओतू नका. खाली ताडपत्री किंवा जुना पत्रा नसेल तर तळाचा इंचभर थर मातीत जातो, आणि १० फूट व्यासाच्या ढिगाखाली तो इंच म्हणजे सहा-साडेसहा घनफूट होतो. वरूनही झाका. पावसाने बारीक कण वाहून जातात आणि तुमच्या बरणीतला हिशोब बिघडतो.

एक शेवटची वाळू वरच्या आकड्यात धरलेली नाही: पेव्हरच्या सांध्यांची. ती बारीक आणि पूर्ण कोरडी लागते. २०० बाय १०० मिलिमीटरचे, ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक आणि ३ मिलिमीटरचे सांधे असतील तर तुमच्या ३०० चौरस फुटांना अडीच ते तीन घनफूट, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास. ती गाडीच्या ढिगातून काढू नका, पिशव्यांतून वेगळी घ्या. झाडूने सांध्यांत भरा, कॉम्पॅक्टर फिरवा, पुन्हा भरा. पहिल्या एक-दोन पावसांनंतर सांधे खाली बसतात, तेव्हा पुन्हा एकदा भरावे लागतात. त्यासाठी एक पिशवी घरात कोरड्या जागी ठेवा.

तुमच्या कंत्राटदारांकडून पेव्हरखाली किती इंच धरलेत आणि पाया वेगळा आहे का, एवढी दोन उत्तरं लिहून घ्या. खालची माती कोणती आहे आणि तुमच्या बरणीत फूग किती निघाली तेही कळवा, म्हणजे हा १३१ चा आकडा तुमच्या अंगणाला नेमका बसवून देतो.